होरमीची मरणं

आमच्या गावातल्या बायका होरमीला सरसकट ‘मेला’ म्हणायच्या. त्यात शिवी किती आणि धंदा किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लोक म्हणायचे, होरमी काही काम करत नाही. खोटं आहे. तो मरायचं काम करायचा, आणि ते मन लावून करायचा.

थंडी सरता सरता थिशाम यायचा. वर्षभरात ज्याच्या घरचं कुणी गेलं असेल, त्यानं गेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस बसवायचा. त्याला गेलेल्याचे कपडे घालायचे, गेलेल्याच्या नावानं हाक मारायची, गेलेल्याच्या आवडीचं रांधून वाढायचं, त्याच्यापाशी रडायचं, जुनी भांडणं उकरून काढायची. शेवटच्या संध्याकाळी मशाली पेटवून त्याला वेशीच्या दगडापर्यंत पोचवायचं. तिथून मेलेला पुढे जातो आणि बसलेला माघारी येतो. निदान ठरलेलं तरी तसंच असतं.

पण बसायचं कुणी? चेहऱ्यामोहऱ्यानं मिळताजुळता माणूस हवा, आणि मिळतेजुळते सगळे नेमके त्याच दिवसांत आजारी पडायचे. मेलेला जाताना सोबत म्हणून आपल्यालाच घेऊन गेला तर, अशी प्रत्येकाला धास्ती. वाघाच्या गोष्टी सांगून मिशा पिळणारे आमचे वीर थिशाम जवळ आला की कंबर धरून कण्हायला लागायचे. होरमीला ती भीती नव्हती. त्याला फक्त भूक होती.

शिवाय त्याचा चेहरा. देवानं तो घडवताना फारसं लक्ष दिलेलं नव्हतं. पिसांचं शिरस्त्राण चढवलं की तो आवुंगाच्या काकासारखा दिसायचा. आवुंगा म्हणजे आमच्या गावचा मुखिया. शाल खांद्यावरून खाली ओढली, पाठीत पोक काढलं की तो गावातला गेलेला म्हातारा शिकारी. खोकला, चाल, नाक शिंकरायची तऱ्हा, सगळं हुबेहूब. एकदा तर त्यानं माझ्या सासऱ्याच्या जागी बसून असा काही चेहरा केला, की मी सवयीनं अंग चोरून बाजूला झाले आणि मग स्वतःवरच चरफडले.

एरवी वर्षभर त्याचे हाल कुत्रं खात नव्हतं. गावाच्या खालच्या अंगाला एक झोपडी होती. शेत होतं, पण तो राखणीला जाऊन झोपायचा आणि पीक रानडुकरं खायची. आईबाप कधीच गेले होते, बायको कुणी दिली नाही. अंगावर एक ठिगळांची शाल. जेवणाच्या वेळेला तो बरोबर कुणाच्या तरी दारात उगवायचा, आणि आम्ही त्याला उरलंसुरलं द्यायचो. दिलदारच आम्ही! त्यानं किती घास घेतले हे तेवढं मोजून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एकमेकींना सांगायचो.

थिशामात मात्र त्याचा थाट बघावा. लाल पट्ट्यांची शाल, दंडात हस्तिदंती कडी, गळ्यात लाल मण्यांची माळ, पुढ्यात डुकराच्या मांसाचं भांडं, हाताशी झामचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा भोपळा. आणि आदल्या दिवशीपर्यंत त्याला दारातून हाकलणाऱ्या बायका त्याचे पाय धरून ओक्साबोक्शी रडतायत. एवढा मान मिळायला आमच्याकडे मरावं लागतं. होरमीनं त्यातून मधली वाट काढली होती.

आता लुइखामचं सांगते, कारण होरमीचं सगळ्यात गाजलेलं मरण ते लुइखामचं.

लुइखाम गावातला बडा. रेडे कापून अख्ख्या गावाला जेवू घातलेलं, त्याचे कोरीव लाकडी खांब दारापुढे उभे. त्या जेवणानंतरच मिळणारी मानाची शाल, प्राणी विणलेली, तो शेणाच्या ढिगाऱ्याकडे जातानाही पांघरून जायचा. आवाज नाकातला आणि खणखणीत. त्याला एक धाकटा भाऊ, यारसो. या यारसोचे केस पिकले तरी कोंबडं आरवायच्या आत आमच्या आळीला ऐकू यायचं, “यारसो!” आणि लगेच, “आलो, दादा!” पाणी हवं, यारसो. भाला हरवला, यारसो. पाठीला खाज सुटली, यारसो. आळीतली पोरं खेळताना सुद्धा एक लुइखाम व्हायचा आणि दुसरा यारसो, आणि यारसो व्हायला कुणी तयार नसायचं.

लुइखामला तिंगतेला वाजवायचाही शौक होता. एक तार, एक भोपळा, त्यात बिघडणार काय? पण लुइखाम बिघडवायचा. त्यानं गज तारेवर ठेवला की कुत्री गळा काढायची, आणि तो डोळे मिटून म्हणायचा की बघा, मुक्या जनावरांनाही कळतं.

त्याची बायको सोरिनला. ती लोंगपीची, काळ्या मडक्यांच्या गावची. पोरबाळ झालं नाही. तिचा हात मात्र मागावर असा बसला होता, की तिनं विणलेलं काशान कमरेला गुंडाळलं की साधी बाईसुद्धा ताठ चालायला लागायची. कमरेला पट्टा बांधून ती पडवीत विणत बसायची. ओटा झिजून तिथे तिच्या बैठकीचा खळगा पडला होता. तिच्या शाली देऊन त्या घरात मीठ यायचं, भात यायचा, वासरू यायचं. लुइखामचे रेडे कुठून आले होते, हे आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. पुरुषांना माहीत नव्हतं, किंवा सोयीचं नव्हतं.

मग एका मेजवानीत लुइखामनं दुसऱ्याच्या घरचं मांस आहे म्हणून इतकं खाल्लं, की पोट धरून आडवा झाला तो उठलाच नाही. रडारड झाली, पुरलं. आणि इकडे यारसो हळूहळू सरळ चालायला लागला. भावाची ऐट अंगावर घेऊ लागला. नाकात बोलायचाही प्रयत्न करायचा, पण ते त्याला जमेना, नुसती सर्दी झाल्यासारखं वाटायचं.

आमच्यात रीत अशी, की थिशामात पोचवला जात नाही तोवर मेलेला घरातच असतो. त्याचं ताट रोज वाढायचं, त्याची बायको ती त्याचीच बायको. पोचवल्यावर ती मोकळी. राहा म्हणेल तर राहील, माहेरी जाईन म्हणेल तर तिला कुणी अडवायचं नाही. सोरिनलानं मला पाणवठ्यावर एवढंच सांगितलं होतं, की त्याला पोचवला की दुसऱ्या दिवशी मी लोंगपीला निघाले. म्हातारी आई होती तिथे. बरोबर काय नेणार, असं मी विचारलं तर म्हणाली, माग. माग म्हणजे तरी काय हो, चार दांडकी, एक कातडी पट्टा, आणि सूत ठोकायची लाकडी पट्टी. ती पट्टी तिच्या आईची, आईच्या आईची, घासून घासून काळी तुळतुळीत झालेली.

यारसोच्या कानावर हे गेलं. वहिनी गेली तर मीठ कोण आणणार? शाली कोण विणणार? त्यानं आधी गोड बोलून पाहिलं. मग सांगितलं की जायचं तर जा, पण मागाची दांडकी या घरच्या बांबूची आहेत आणि पट्टी या घरात वापरली गेली, तेव्हा तीही या घरची. चार दांडक्यांसाठी भांडणारा पुरुष मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सोरिनला विणत राहिली. पण यारसोला तेवढ्यानं चैन पडेना. त्याला ती वहिनीच हवी होती, मागासकट, पट्टा कमरेला बांधलेली.

तर त्यानं शोधून काढली एक पळवाट. जागी बसलेल्या माणसानं दगड ओलांडायच्या आत स्वतःच्या खऱ्या नावाला ओ दिली, तर मेलेला त्याच्या अंगी आलाच नव्हता असं धरायचं. मग पोचवणं फुकट गेलं. पुढच्या थिशामापर्यंत मेलेला घरात, आणि त्याची बायकोही घरात.

जागी कुणाला बसवायचं हे घरचा पुरुष ठरवतो. यारसो होरमीच्या झोपडीत गेला आणि काय बोलून आला, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. कारण होरमी माझ्या चुलीपाशी भात खाता खाता सगळं सांगून मोकळा झाला. गुपित त्याच्या पोटात कधी राहत नसे, तिथे जागाच नसायची. यारसोनं त्याला कबूल केलं होतं, की वेशीपाशी मी तुला हाक मारली की तू नुसती ओ दे. दादाची मानाची शाल कायमची तुझी.

“मग तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“हो म्हणालो,” तो म्हणाला. “त्यानं पानात गुंडाळून मांस आणलं होतं. तोंड भरलेलं असताना नाही कसं म्हणणार?”

मी त्याला खूप बोलले. मेल्या, एका बाईचं अख्खं वर्ष तू एका शालीला विकलंस, असं म्हणाले. तो खाली मान घालून भात खात राहिला आणि म्हणाला की काकी, एक वर्ष तर आहे, आणि मी कधी अख्खी शाल पांघरलेली नाही, माझी म्हणून. मला काय बोलावं कळेना, म्हणून मी आणखी थोडं बोलले.

नंतर मी सरळ सोरिनलाकडे गेले आणि सगळं सांगितलं. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे हे म्हणायचे, आणि खरंच होतं ते. सोरिनलानं ऐकून घेतलं, पट्टीनं सूत ठोकलं, पुन्हा ठोकलं. म्हणाली, “बसायला कोण, हे माझ्या हातात नाही. वाढायचं काय, तेवढं आहे.” मी मनात म्हटलं, या बाईचं डोकं फिरलंय.

थिशाम आला. होरमी लुइखामच्या जागी बसला, आणि काय सांगू, लुइखाम जिवंतपणी इतका लुइखाम नव्हता! तेच पाय फाकवून बसणं, तेच झामचं भांडं बघून नाक मुरडणं आणि मग गटागटा पिणं. पाहुण्यांनी तिंगतेला हातात दिली तर पठ्ठ्यानं ती बरोबर तितकीच वाईट वाजवली. कुत्री रडली. एवढं बेसूर, तेही नेमकं त्याच जागी चुकवत वाजवायला किती मन लावून ऐकावं लागलं असेल! म्हातारी माणसं डोळे पुसत म्हणाली, हाच तो. कुणी त्याच्याकडे कज्जे आणले, कुणी माफी मागितली, एकानं उसना नेलेला भाला आणून दिला. यारसो भावाचं शिरस्त्राण घालून इकडून तिकडे हिंडत होता. ते त्याला मोठं व्हायचं आणि सारखं डोळ्यांवर यायचं, मग तो मान मागे टाकून चालायचा. त्याला वाटायचं, आपण रुबाबात चाललोय.

शेवटचा दिवस. अंगणात अख्खं गाव. वाटेला लागायच्या आधी घरच्या बाईनं मेलेल्याला विचारायचं असतं, की जाताना काय खाऊन जातोस? आणि त्यानं आपली आवड सांगायची. ती आवड सगळ्यांना माहीतच असते, भांडं तयार असतं, हा नुसता उपचार. लुइखामची आवड म्हणजे चरबीचं मांस, कोवळ्या बांबूच्या आंबट कोंबांबरोबर. सकाळपासून रटरटत होतं, आळीभर वास. होरमीच्या नाकपुड्या केव्हाच्या हलत होत्या.

सोरिनला त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं स्वतः विणलेलं काशान नेसलं होतं. मांसाच्या भांड्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याकडे पाहून म्हणाली, “वाट लांब आहे. तुला काय हवंय, ते सांग. करून देते.”

‘तुला’ असं ती म्हणाली. लुइखामला तिनं जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. होरमीनंही वर बघितलं, आणि त्या माणसाचा चेहरा कोरा झाला. त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शिकाऱ्याला विचारला होता, माझ्या सासऱ्याला विचारला होता, आवुंगाच्या काकाला विचारला होता. त्या सगळ्यांची उत्तरं त्याला तोंडपाठ होती. मग तो लुइखामच्या नव्हे, आपल्याच बारीक आवाजात म्हणाला, “अळकुड्या. राखेत भाजलेल्या.”

अंगणात कुजबूज झाली. लुइखाम आणि अळकुड्या! पानात अळकुडी दिसली तर पान भिरकावणारा माणूस तो, हे डुकराचं खाणं म्हणणारा. यारसोचा चेहरा खुलला. त्यानं शिरस्त्राण मागे सारलं आणि म्हाताऱ्यांना मोठ्यानं सांगायला लागला, की हा दादा नव्हे, ऐकलंत ना, दादा असलं मागेल का? म्हातारे मान डोलवायला लागले. वेशीपर्यंत जायचीही गरज नव्हती, सगळं तिथेच मोडत होतं.

सोरिनला उठली. कुणाकडे न बघता चुलीकडे जाताना म्हणाली, “माणूस मेल्यावर शहाणा होतो.”

आधी बायका हसल्या, मग म्हातारे. आणि एकदा म्हातारे हसले की त्यांना पुन्हा गंभीर होऊन निवाडा देणं जमत नाही. यारसो शिरस्त्राण सावरत मागे सरला.

तिनं राखेत अळकुड्या पुरल्या, भाजल्या, बाहेर काढल्या, फुंकर मारून एकेक सोलली आणि मिरचीच्या चटणीबरोबर त्याच्यापुढे ठेवली. होरमीनं खाल्ल्या. हावरटासारखं नाही, सावकाश. मांसाचं भांडं शेजारीच होतं, त्याला त्यानं हात लावला नाही. गावानं त्याला तसं खाताना कधी पाहिलं नव्हतं. सोरिनलानं त्याला सगळं माहीत असून वाढलं. ती माया होती की हुशारी, हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक तिलाही सांगता आलं नसतं.

अंधारून आलं तशा मशाली पेटल्या. पुढे फुंग, म्हणजे आमचा ढोल, आणि लांबलचक ताला, म्हणजे तुताऱ्या, फुंकणारे. फुंकून फुंकून त्यांचे गाल फुटायला आले होते. मध्ये मानाची शाल पांघरलेला होरमी, मागे सोरिनला, मग आम्ही. निघायच्या आधी आवुंगानं नेहमीसारखी ताकीद दिली, की दगडापाशी मेलेल्यानं कुणाला नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. ओ देईल त्याला तो बरोबर नेतो. ही ताकीद दर वर्षी देतात आणि दर वर्षी आया पोरांची तोंडं दाबून धरतात. मोठ्या माणसांची तोंडं कुणी दाबत नाही, तिथेच चुकतं.

दगड दिसला तसं वाजणं थांबलं. होरमी दोन पावलांवर आला असेल, तोच मागून यारसो ओरडला, “होरमी! ए होरमी!”

होरमी थांबला. सोरिनला हलली नाही, पण तिच्या गळ्यातले मणी वरखाली होताना मला दिसत होते. शाल त्याच्या खांद्यावर होती, त्याची होणार होती, एका ‘ओ’ची तर गोष्ट. यारसोनं पुन्हा हाक मारली, आता जरा लाडीगोडी लावून, कुत्र्याला मारतात तशी.

होरमीनं शाल खांद्यावर सारखी केली. मागे न वळता, नाकातल्या खणखणीत आवाजात त्यानं हाक दिली, “यारसो! चल रे!”

“आलो, दादा!” यारसो म्हणाला.

म्हणाला म्हणजे काय, त्याचे पायसुद्धा निघाले. शिरस्त्राण डोळ्यांवर आलं, तरी तो तसाच आंधळा धावत दगडापर्यंत पोचला. मग त्याच्या लक्षात आलं. कुणीतरी पोर खुदकन हसलं, आणि त्यानंतर असं हसू फुटलं, की लोक पोट धरून खाली बसले. ढोलवाला ढोलावर आडवा झाला. इतका हसरा थिशाम आमच्या गावानं पाहिला नाही.

यारसो मात्र हसत नव्हता. तो चिखलात बसला आणि म्हणाला की मला नेऊ नको, दादा. आवुंगानं हसू आवरलं, घसा खाकरला आणि रीत सांगितली. ओ दिली म्हणजे जायला हवं. नाहीतर मेलेला त्याच्याऐवजी जे मागेल ते सोडायला हवं. सगळ्यांनी होरमीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा मेला डुक्कर मागणार.

“माझ्या बायकोचा माग,” होरमी त्याच नाकातल्या आवाजात म्हणाला. “पट्टीसकट.”

“ने, दादा,” यारसो म्हणाला. “सगळं ने.”

होरमीनं दगड ओलांडला. लुइखाम गेला, आणि पलीकडच्या अंधारातून होरमी परत आला. सकाळी सोरिनला पाठीला माग बांधून लोंगपीच्या वाटेला लागली. जाताना आळीत सगळ्यांना भेटली. होरमीला भेटायला गेली तर तो झोपला होता.

मानाची शाल यारसो हातात घेईना, घरात येऊ देईना. तेव्हा ती होरमीकडेच राहिली. म्हणजे फितूर न होताच त्याला लाच मिळाली. त्याला तिचा मान ठेवणं काही जमलं नाही. तीच पांघरून तो झोपायचा, तिच्यातच सरपण बांधून आणायचा. प्राणी उसवले, लाल पट्टे विटले, उंदरांनी कडा खाल्ल्या. ज्या शालीसाठी लोकांनी गोठे रिकामे केले, तिच्यात तो अळंबी गोळा करून आणायचा. म्हातारे चिडायचे. मला बघून बरं वाटायचं.

आणि मग एका वर्षी, भात अजून पोटरीत होता आणि घराघरातल्या कणग्या रिकाम्या, तेव्हा होरमी मेला. या वेळी खरोखर. त्या दिवसांत कुणाकडे उरतच नव्हतं, मग उरलंसुरलं कुठून येणार? तो दारात येईनासा झाला हे कुणाच्या लक्षात यायलाही वेळ लागला. ज्याला गावानं जन्मभर खादाड म्हटलं, तो उचलणाऱ्या दोघांनाही हलका वाटला.

थिशाम आला. आवुंगा म्हणाला की याला कुणी नाही, तेव्हा हा गावाचा, गाव पोचवेल. आता जागी कोण बसणार? जो सगळ्यांसारखा दिसायचा, त्याच्यासारखं दिसायला कुणी तयार नव्हतं. शेवटी यारसो उठला. लोकांना वाटलं, पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप! तो माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाला, की होरमी आता तिकडे चाललाय, तिथे दादा आहे. दोघांची गाठ पडली आणि यानं माझं नाव काढलं तर? त्याला आधीच खूश करून ठेवलेलं बरं. तर असा यारसो होरमीच्या जागी बसला, आणि गेलेल्याचे कपडे म्हणून त्याच्या अंगावर घातली तीच शाल, भोकं पडलेली. ती अंगाला लागताच त्याचे दात वाजायला लागले.

मग आवुंगाच्या बायकोनं विचारलं, “होरमीला काय आवडायचं गं?”

“सगळंच,” कुणीतरी म्हणालं.

“सगळंच म्हणजे काय? रांधायचं काय?”

आम्ही आठवायला लागलो. एकजण म्हणाली, वाम मासा. नाही, वाम मासा शिकाऱ्याच्या आवडीचा, होरमी त्याच्या जागी बसला होता तेव्हा खाल्ला. दुसरी म्हणाली, चिकट तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या. त्या माझ्या सासऱ्याच्या. आंबवलेलं सोयाबीन आवुंगाच्या काकाचं. अळकुड्यांचं मला आठवायला हवं होतं, शपथेवर सांगते, पण त्या दिवसाबद्दल जो तो यारसोच्या फजितीच्याच गोष्टी सांगत आला होता. ‘आलो, दादा’ गावाच्या तोंडी बसलं होतं, अळकुड्या कुणाच्याच ध्यानात राहिल्या नव्हत्या. शेवटी आम्ही सगळ्यांनी मांसच रांधलं. चांगलं, चरबीचं. ज्यांनी त्याला कधी बसायला पाट दिला नाही, त्यांनी मोठी भांडी भरून आणली. कुणाचं मोठं, यावरून जरा बोलाचालीही झाली.

भांडी घेऊन आम्ही अंगणात रांगेनं उभ्या, यारसो शालीत कापतोय, आणि वाटेवरून सोरिनला आली. मडकी विकायला येणाऱ्या लोंगपीच्या लोकांकडून तिला कळलं होतं. केस पिकले होते. हातात झाकण घातलेलं काळं मडकं, काखेत नवी घडी केलेली शाल. प्राणी नव्हते, मानाचे पट्टे नव्हते, साधी काळी, लाल आणि पांढरी, कुणालाही पांघरता येईल अशी. तिनं यारसोच्या अंगावरची फाटकी शाल काढली, ही घातली आणि समोर बसली. तिनं काय हवं ते विचारलं नाही. मडक्याचं झाकण काढलं तसा आतल्या ऊन राखेचा वास सुटला.

यारसो आत बघून मागे सरकला. म्हणाला, “वहिनी, मी अळकुड्या खात नाही.”

“तू नाही खात,” ती म्हणाली. “तो खातो.”

तिनं एक सोलली, फुंकर मारली आणि पुढे केली. “होरमी, घे. गरम आहे.”

यारसोनं आमच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तोंड उघडलं. ती एकेक सोलत राहिली, तो गुमान खात राहिला, मडक्याचा तळ दिसेपर्यंत. आमच्या भांड्यांकडे कुणी वळून पाहिलं नाही. ती आम्ही नंतर आपापल्या घरी नेली.